सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर

मे महिन्यात डहाणूच्या किनाऱ्यावर सकाळ फार लवकर संपते. साडेसहाला सुरूच्या झाडांतून येणारं वारं अंगाला बरं वाटतं, नऊच्या आसपास ते पडतं, आणि अकरानंतर शाळेच्या पत्र्याखाली बसवत नाही. आमचा उन्हाळी वर्ग म्हणून साडेसातलाच भरायचा. तोवर मुलांची घरची कितीतरी कामं उरकलेली असत. कुणी पाणी भरून आलेलं, कुणी बकऱ्या सोडून, कुणी आईबरोबर बंदरावर टोपल्या उचलून. पहिल्या रांगेतली एक मुलगी बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालून यायची. वही उघडण्याआधी ती दोन्ही तळवे फ्रॉकला पुसायची, पुन्हा एकदा पुसायची, आणि मगच पेन्सिल हातात घ्यायची. कागदाबद्दलचा इतका आदर मी त्याआधी कुठे पाहिला नव्हता.

बी.एड.चं पहिलं वर्ष संपवून मी तिथे गेले होते. दुसऱ्या वर्षाची शालेय आंतरवासिता अजून पुढे होती. हा सुट्टीतला वर्ग एका संस्थेने जिल्हा परिषदेच्या शाळेत चालवलेला, आणि आम्ही काही छात्राध्यापक त्यात हाताखाली. शिकवण्याचा माझा तोवरचा अनुभव सूक्ष्म पाठांचा होता. सूक्ष्म पाठ सहा मिनिटांचा. आपल्याच मैत्रिणी समोर सातवीतल्या मुली होऊन बसतात, ठरल्या वेळी हात वर करतात. एक जण घड्याळ सांभाळते, एक जण निरीक्षणाचा तक्ता भरते. प्रश्न विचारून थांबायचं कसं, फळ्यावर लिहिताना वर्गाकडे अर्धं तोंड ठेवायचं कसं, हे त्या सहा मिनिटांनीच मला दिलं. ते आजही रोज कामी येतं. पण तिथल्या मैत्रिणींना उत्तरं आधीच येत असत. खरं मूल स्वतःचं काहीतरी घेऊन येतं. ते काय आहे, हे शोधण्यात शिक्षकाचा बहुतेक वेळ जातो, हे मला त्या पत्र्याखाली कळत गेलं.

वर्गाच्या मुख्य बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या. पाचवीतून सहावीत जाणारी मुलं. कुणाच्या घरी वारली, कुणाच्या घरी मांगेली, एकदोघांच्या घरी गुजराती. बाई सगळ्यांशी सारख्याच सावकाश, स्वच्छ मराठीत बोलत, आणि मुलांनी आपल्या बोलीत उत्तर दिलं तर ते तसंच ऐकून घेत. मी तयार करून नेलेली पाठ टाचणं त्यांनी चाळली, नीट एकावर एक ठेवली आणि म्हणाल्या, "छान आहेत. ही राहू देत. पहिला आठवडा तू काही शिकवू नकोस. वह्या वाच."

मग मी वह्या वाचल्या. दुपारी, वर्ग सुटल्यावर, खोलीच्या दारात जिथे थोडा वारा लागायचा तिथे बसून. वही वाचायला वेळ द्यावा लागतो. तपासताना आपण फक्त उत्तराची ओळ बघतो. वाचायला बसलो की खोडरबराने झिजलेला कागद दिसतो, एकाच आकड्यावर पेन्सिल दोनदा फिरलेली दिसते, समासात काढलेली दोन त्रिकोणांची वारली माणसं दिसतात आणि ती नेमकी कोणत्या गणिताच्या शेजारी काढली आहेत तेही दिसतं. बेरजांच्या शेजारी माणसं नव्हती. वजाबाकीच्या पानांवर मात्र पूर्ण तारपा नाच होता.

त्या पानांवर एक चूक पुन्हा पुन्हा भेटत होती. ५०० वजा १६५, उत्तर ४६५. पहिल्यांदा वाटतं, मुलाने काहीतरीच लिहिलंय. पण दुसऱ्या वहीत तेच, तिसऱ्या वहीत तेच. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून पाचातून शून्य काढलं: पाच. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून शून्य: सहा. पाचातून एक गेला: चार. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. मुलाला कधीतरी, दुसरीत वगैरे, कुणीतरी सांगितलेलं असतं की मोठ्यातूनच लहान वजा करायचं असतं, आणि ते मूल तो नियम निष्ठेने पाळत असतं. ब्राउन आणि बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशा चुकांवर मोठा निबंध लिहिला होता. मुलं क्वचितच वाटेल ते लिहितात. बहुतेकदा ती एक चुकीची रीत अगदी बरोबर पाळत असतात, असं त्यातून दिसतं. हे मी वाचलेलं होतं. पण वर्गातल्या बोंबीलवालीच्या अक्षरात ते समोर आल्यावर मी त्या ४६५ कडे बराच वेळ बघत राहिले. त्या उत्तरामागे केवढा प्रामाणिक विचार होता.

ही मुलगी एकटी येत नसे. कडेवर धाकटा भाऊ असायचा. बाईंनी त्याला एका कोपऱ्यात पोतं अंथरून दिलं आणि पुढ्यात ओंजळभर चिंचोके ओतले. तो रांगा लावायचा, मोडायचा, पुन्हा लावायचा. यात बाईंना वेगळं काही केल्यासारखं वाटत नव्हतं, आणि त्याचं कारण त्या तालुक्यातच होतं. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं की मोठी बहीण शाळेत येत नाही कारण धाकटं भावंड तिच्या कडेवर असतं. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. बी.एड.मध्ये या दोघींची नावं आम्ही टिपांमध्ये लिहितो, जन्म आणि कार्य, पाच गुणांसाठी. चिंचोक्यांच्या रांगेत बसलेल्या त्या मुलाकडे बघताना मला वाटायचं, एका बाईने केलेली सोय दुसऱ्या बाईच्या हातात इतकी मुरते की तिला ती कुणाची आहे हे आठवावंही लागत नाही; काम टिकतं ते असं.

आता वर्गातल्या एका चिकूवाल्या मुलाबद्दल. तो मागे बसायचा आणि फळ्यावर बोलावलं की पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचा. बोर्डीच्या रस्त्यावर त्याच्या वडिलांची हातगाडी असे: घोलवडचे चिकू, मोसमात जांभळं, ताडगोळे. एका संध्याकाळी तिथे तो एकटाच होता. मी दोन किलो चिकू आणि थोडी जांभळं घेतली, एकशे पासष्ट रुपये झाले, आणि माझ्याकडे पाचशेची नोट होती. त्याने कपाळाला आठीसुद्धा पाडली नाही. पाचाचं नाणं माझ्या तळव्यावर ठेवलं, म्हणाला, "एकशे सत्तर." दहाच्या तीन नोटा ठेवल्या: "दोनशे." मग शंभराच्या तीन, एकेक करून: "तीनशे, चारशे, पाचशे." तीनशे पस्तीस रुपये, हिशेब पक्का, आणि हे करत असताना त्याचं अर्धं लक्ष दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे होतं. याच मुलाच्या वहीत ५०० वजा १६५ च्या खाली ४६५ लिहिलेलं होतं.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तिघा संशोधकांनी नेमका हाच प्रकार तपासला होता. टेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लीमान यांचा तो निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांना त्यांनी आधी गिऱ्हाईक होऊन प्रश्न विचारले, आणि नंतर तीच गणितं कागदावर दिली. गाडीवर मुलांची ९८.२ टक्के उत्तरं बरोबर आली. कागदावर नुसती आकडेमोड दिली तेव्हा ३६.८ टक्के. मुलं पाचच होती, त्यामुळे त्या टक्क्यांचं फार मोठं काही करू नये. पण बोर्डीच्या रस्त्यावर हातात चिकूची पिशवी घेऊन उभी असताना मला तो निबंध पहिल्यांदा खरा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फळ्यावर बोलावलं नाही. त्याच्या शेजारी, पोत्यावर, जाऊन बसले. छात्राध्यापकाची ही एक मोठी सवलत असते: अख्खा वर्ग बाई सांभाळत असतात, त्यामुळे आपल्याला एका मुलाजवळ पाऊण तास बसता येतं. मी म्हटलं, "काल तू मला किती परत दिलेस?" "तीनशे पस्तीस." मी वहीतलं ४६५ दाखवलं. "आणि एवढे दिले असतेस तर?" तो बघत राहिला. ओठ हलले. मग हळूच म्हणाला, "मग तुम्ही चिकूचे पस्तीसच रुपये दिले." आणि थोड्या वेळाने, वहीकडे बघूनच, "एवढं कमी कोण देईल?" त्याने स्वतःच ४६५ वर आडवी रेघ मारली. ती रेघ बघताना माझा श्वास अडकला होता. तोवर त्या उत्तरावर माझ्या आधीच्या कुणीतरी लाल शाईची फुली मारलेली होती, आणि फुलीने त्याला काहीही सांगितलं नव्हतं.

पुढे काम सोपं झालं. जुन्या वहीच्या पानांच्या नोटा कापल्या. पाच शंभराच्या आहेत, सुटे काहीच नाहीत, आणि पासष्ट द्यायचेत तर काय करशील? शंभराची एक मोडून आणीन. दहाच्या दहा आल्या. अजून पाच सुटे नाहीत. दहाची एक मोडीन. मग काय उरलं तुझ्याकडे? चार शंभराच्या, नऊ दहाच्या, दहा सुटे. त्याने ते बोटांनी सरकवून बघितलं आणि वहीत शून्याच्या डोक्यावर नऊ लिहिला. हा नऊ कुठून येतो हे मला शाळेत कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी तो पाठ केला होता. पंधरा वर्षं बिनचूक वजाबाकी करूनही तो नऊ मी त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीवर मांडलेला पाहिला, नऊ कागदी नोटांच्या रूपात.

रीत समजली की सराव लागतो, आणि वजाबाकीचा सराव कंटाळवाणा असतो. उन्हाळ्यात तर फारच. बाईंनी एके सकाळी फळ्यावर काहीच न सांगता ३५२४ लिहिलं. हे चार आकडे मोठ्यापासून लहान लावा: ५४३२. लहानापासून मोठे लावा: २३४५. वजा करा: ३०८७. आता याच आकड्यांचं पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुन्हा. ७६४१ वजा १४६७: ६१७४. वर्गात कुजबुज झाली. बाई म्हणाल्या, चारही आकडे सारखे सोडून कुठलीही चार आकडी संख्या घ्या, इथेच याल, आणि यायला सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागणार नाहीत. हे शोधणारे सर तुमच्याच डहाणूत जन्मले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर. फर्ग्युसनमधून पदवी घेतली, पुढची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. ६१७४ चा हा गुणधर्म त्यांना १९४९ साली सापडला. डोंबिवली स्टेशनवरून त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना डेम्लो नाव दिलं, दुसऱ्या एका प्रकाराला हर्षद. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगाला हे नाव ठाऊक झालं. तोवर कापरेकर सत्तर वर्षांचे झाले होते. मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट फार जवळची वाटते. त्यांच्या कामाचा मोठा भाग पाचवीतल्या मुलाच्या हातातल्या साधनांनी झालेला आहे. संख्येचे अंक मांडायचे, बेरीज करायची, वजाबाकी करायची, आणि न थकता बघत राहायचं. वर्गात रोज जे शिकवत होते त्याच्यातच त्यांना नवं सापडलं. शिक्षक होऊ घातलेल्या माणसासाठी यापेक्षा मोठा आधार मला माहीत नाही.

मुलं तुटून पडली. मोटरसायकलींच्या पाट्यांवरचे आकडे, रेशनकार्डावरचे शेवटचे चार, भिंतीवरच्या कॅलेंडरातलं वर्ष. ज्या मुलांना चार वजाबाक्या द्यायच्या तर विनवण्या कराव्या लागत, त्यांनी त्या सकाळी पानंच्या पानं भरली. बोंबीलवालीने धाकट्या भावाचं जन्मवर्ष घेतलं, २०१९. मी तिच्या मागे उभी होते. ९२१० वजा ०१२९, ९०८१. बरोबर. मग ९८१० वजा ०१८९, आणि तिने लिहिलं ९७७९. जुनी सवय मध्येच डोकावून गेली: शून्य आणि नऊ, नऊ, एक आणि आठ, सात. माझा हात पुढे झाला तेवढ्यात बाईंनी खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. थांब.

ती पुढे गेली. २१७८. ७४४३. ३९९६. ६२६४. ४१७६. आणि ६१७४. वाटेत चुकूनही ती पोचली होती, कारण ९७७९ हीसुद्धा चार आकडी संख्याच, आणि चार आकडी संख्या तिथेच जातात. तिचा चेहरा उजळला. मग तिने पायऱ्या मोजल्या, आणि पुन्हा मोजल्या. "बाई, माझ्या आठ झाल्या."

"मी किती म्हटलं होतं?"

"सात."

बाई काही बोलल्या नाहीत. शेजारणीने तोच २०१९ करून बघितला; ती चार पायऱ्यांत पोचली. आता दोन वह्या शेजारी शेजारी होत्या आणि कुणीही कुणाला चूक म्हटलेलं नव्हतं. बाईंनी फक्त एक खूण सांगितली: प्रत्येक वजाबाकीच्या उत्तराच्या अंकांची बेरीज करा, ती नऊच्या पाढ्यात यायला हवी. अंकांच्या जागा बदलल्या तरी नऊने भागून उरणारी बाकी तीच राहते, म्हणून अशा दोन संख्यांतली वजाबाकी नऊच्या पटीतच येते. ती बोट ठेवत वरून खाली आली. नऊ शून्य आठ एक, अठरा. नऊ सात सात नऊ, बत्तीस. बोट तिथेच थांबलं. मग तिने वर पाहिलं ते बाईंकडे नाही, माझ्याकडेही नाही, कोपऱ्यातल्या भावाला ओरडून सांगितलं, "सापडली रे!" त्याला काय सापडलं ते कळण्याचं कारण नव्हतं, पण तोही हसला. खोडरबर न वापरता तिने शेजारच्या कोऱ्या जागेत नवी वजाबाकी मांडली, ९६२१, आणि तिथून पुन्हा चालू लागली.

मुलाची चूक शिक्षकाने पकडली तर शिक्षक हुशार ठरतो. ती मुलाने स्वतः पकडली तर मुलाच्या हाती हत्यार येतं. हे वाक्य मी आमच्या पुस्तकात वेगळ्या, जड शब्दांत वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. पण खांद्यावरचा तो हात नसता तर मी पुढे वाकून तिची पेन्सिल थांबवली असती, आणि आठव्या पायरीचं आश्चर्य तिच्या वाट्याला आलंच नसतं. शिकवताना केव्हा बोलायचं नाही, हे दुसऱ्या शिक्षकाच्या शेजारी उभं राहूनच शिकता येतं. म्हणून छात्राध्यापकाला जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली उमेदवारीचे महिने मिळावेत, घाईघाईने नव्हे, भरपूर. आमच्याकडे ते बहुतेकदा कागदोपत्री उरकतात, सही-शिक्क्यांसाठी, याचं मला खरंच दुःख आहे. सुट्टीतल्या वर्गात परीक्षा नव्हती, अभ्यासक्रम 'पुरा' करायचा नव्हता. त्यामुळे एका चुकीच्या वजाबाकीला अख्खी सकाळ देता आली.

दोनतीन दिवसांनी वर्गाने स्वतःच पुढचा प्रश्न काढला: पाच आकडी घेतली तर? उत्तर मला ठाऊक नव्हतं, आणि बाईंनी ठाऊक असल्याचं दाखवलं नाही. दोन गट पडले. मुलींचा गट ५३९५५ वर आला, तिथून ५९९९४, तिथून परत ५३९५५, पुन्हा ५९९९४. त्या दोन संख्यांत अडकल्या. मुलांचा गट चारांच्या फेऱ्यात सापडला: ७४९४३, ६२९६४, ७१९७३, ८३९५२, आणि पुन्हा ७४९४३. तुमचं चुकलं, तुमचंच चुकलं, असा जोरदार वाद झाला, मग दोन्हीकडच्या नवांच्या बेरजा तपासून झाल्या, आणि एकाही बाजूला चूक सापडेना तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. दोन्ही बरोबर असू शकतात हे पचायला वेळ लागला.

"मग सहा आकडी?" चिकूवाल्या मुलाने मागून विचारलं. सहा आकडी संख्या कुठली घ्यायची यावर पुन्हा गलका. कुणीतरी भिंतीवर टांगलेल्या शाळेच्या पत्त्याकडे बोट दाखवलं: पिनकोड, ४०१६०१. तो उठला, स्वतःहून, आणि फळ्याकडे गेला. वर ६४११००, खाली ००११४६. एककात शून्यातून सहा, दशकात शून्यातून चार. खडू तिथे घुटमळला. "शंभराची मोडायला लागेल," तो म्हणाला, शतकातला एक खोडला, त्याच्या जागी शून्य केला, दशकाच्या डोक्यावर नऊ लिहिला, एककाच्या डोक्यावर दहा. शतकात आता शून्यातून एक; पुन्हा हजारातला मोडला. ६३९९५४. सगळा वर्ग मोठ्याने अंकांची बेरीज करत होता. छत्तीस! त्याने हात झाडले, खाली नवी ओळ आखली आणि ९९६५४३ लिहायला घेतलं.